अठराव्या वर्षी करार की कॉलेज? होरान आणि मकारिओ

एकीकडे अमेरिकन विद्यापीठाची शिष्यवृत्ती, दुसरीकडे युरोपातल्या क्लबचा करार. असा पेच फुटबॉल खेळणाऱ्या फार थोड्या मुलींच्या वाट्याला येतो. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात तो आलाच, तर शेजारीपाजारी विचारण्यापेक्षा या दोघींकडे बघावं.

लिंडसे होरान (आता हीप्स) कोलोरॅडोची. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तिचा प्रवेश ठरल्यात जमा होता, आणि अमेरिकेच्या महिला फुटबॉलमध्ये त्याहून मोठं कॉलेज नाही. ते सोडून 2012 मध्ये, 18 व्या वर्षी, तिने पॅरिस सेंट जर्मेन हा फ्रेंच क्लब गाठला. तिथे 58 सामन्यांत 46 गोल केले. आकडा बघूनच कळतं की क्लबने तिला पुढे, आघाडीला खेळवलं. मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतली खेळाडू म्हणून ती खरी घडली 2016 नंतर, अमेरिकेतल्या पोर्टलंड थॉर्न्स क्लबमध्ये. 2018 मध्ये ती एनडब्ल्यूएसएलची, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगची, सर्वोत्तम खेळाडू ठरली. क्लब पगार देतो, पण जागा तो आपल्या गरजेप्रमाणे देतो.

कॅटरिना मकारिओ ब्राझीलमध्ये जन्मलेली, बाराव्या वर्षी सॅन डिएगोला आलेली. ती स्टॅनफर्डला गेली, 2017 आणि 2019 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हर्मन ट्रॉफी दोनदा घेतली. मात्र चौथा हंगाम न खेळताच जानेवारी 2021 मध्ये फ्रान्सच्या ल्यों क्लबशी करार केला. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध गोल! त्यानंतर काही दिवसांतच गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला, 2023 चा वर्ल्ड कप हुकला. पुढचा क्लब, इंग्लंडच्या चेल्सीकडून मैदानात उतरायला मार्च 2024 उजाडला.

आता खेळाचं. कॉलेजचा हंगाम ऑगस्टला सुरू होतो आणि डिसेंबरात आटोपतो. दुसऱ्या हाफमध्ये बाहेर काढलेली खेळाडू एकदा परत आत येऊ शकते. म्हणजे जीव तोडून धावा, बाकावर दम खा, पुन्हा उतरा. युरोपात बाहेर गेलात की गेलात. मिडफिल्डरला नव्वद मिनिटं दम पुरवून खेळायचं असतं, कुठे धावायचं नाही हे शिकायचं असतं. ही सवय कॉलेजात लागत नाही, हा माझ्या मते त्या मार्गाचा सर्वांत मोठा तोटा. पैशांपेक्षाही मोठा.

तरीही माझं मत कॉलेजकडे झुकतं. कॉलेजातून क्लबकडे मधूनच उठून जाता येतं, मकारिओ गेलीच. व्यावसायिक करार केल्यावर कॉलेजच्या मैदानाकडे परतणं मात्र फार कठीण. शिवाय एनडब्ल्यूएसएलने 2024 मध्ये ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने कॉलेजच्या खेळाडू निवडण्याची पद्धत, बंद केला, त्यामुळे कॉलेज संपवून कुठल्या क्लबात जायचं हे आता मुलगी स्वतः ठरवू शकते. आणि मुलगी सोळा-सतरा वर्षांची, अमेरिकेत राहणारी असेल तर प्रश्नच मिटला: मोजके अपवाद सोडले तर फिफा अठराच्या आत परदेशी बदली होऊ देत नाही.

एकाच परिस्थितीत मी होरानचा रस्ता सांगेन. क्लबने मुख्य संघात घेण्याचं करारातच लिहून दिलं पाहिजे, आणि तिच्या जागेवर सध्या कोण खेळतं, तिचं वय काय, हे आधी बघितलेलं असलं पाहिजे. दुखापत झाली तर उपचार आणि पगार किती महिने चालू राहील, हेही सहीआधी वकिलाकडून वाचून घ्या. एजंटकडून नको, त्याचं कमिशन सहीवर असतं.