‘वेट लॉस प्लॅन’च्या नावाखाली ३४,९२७ रुपये गेले, आणि कुत्र्याचं वजन वाढलं

आधी आकडे सांगते. ‘कन्सल्टेशन’चे १,४९९ रुपये. ‘थायरॉइड आणि जीन तपासणी’चे ४,२००. तीन महिन्यांचं खाणं आणि पावडर, १८,९००. परत मिळणार म्हणून घेतलेलं डिपॉझिट, ५,०००. आणि शेवटी रिफंडवर ‘१८ टक्के जीएसटी आधी भरावा लागतो’ म्हणून ५,३२८. एकूण ३४,९२७ रुपये. एक रुपया परत आलेला नाही. आमच्या ब्रुनोचं वजन मात्र ४१.२ किलोवरून ४३.६ किलोवर गेलं.

ब्रुनो सात वर्षांचा लॅब्राडोर. नसबंदीनंतर या कुत्र्यांना खाणं कमी लागतं, भूक मात्र कमी होत नाही. त्यात आमच्या घरी सासूबाईंच्या हातची तूप लावलेली पोळी, चहाबरोबरची बिस्किटं. जिना चढताना तो मध्येच बसायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, “हा तीसचा हवा. खाणं कमी करा.” दोन मिनिटांत आम्ही बाहेर. कमी म्हणजे किती ग्रॅम, कशाचं, किती दिवस, एक शब्द नाही. मी विचारलं तर म्हणाले, “अर्धं करा.” अर्धं केलं तर तो रात्रभर रडायचा, डस्टबिन उलटी करायचा. घरात असा जीव रडत असताना माणूस मदत शोधणारच. मला कुणी हावरट किंवा आळशी म्हणू नये.

इन्स्टाग्रामवर हा माणूस सापडला. नावापुढे ‘डॉ.’, खाली ‘कॅनाइन न्यूट्रिशनिस्ट’, आधी-नंतरचे फोटो. मी काही भोळी नाही. ‘तुमचं लाईट कनेक्शन आज रात्री कापलं जाईल’ हे मेसेज मी वाचताक्षणी डिलीट करते, ओटीपी कुणाला देत नाही. पण हा माणूस खोटं बोलत नव्हता, निदान सुरुवातीला तरी. काही लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमधला एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे भूक भागतच नाही, हे तो म्हणाला. ते खरं आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केलं, साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये हा बदल सापडला. बारीक ठेवलेले लॅब्राडोर जवळपास दोन वर्षं जास्त जगतात, हेही तो म्हणाला. तेही खरं आहे. ४८ लॅब्राडोरांवर आयुष्यभर चाललेला तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर मी स्वतः वाचला. त्या अभ्यासात दोन्ही गटांना एकच खाणं होतं! एका गटाला ते २५ टक्के कमी दिलं, बस. ना पावडर, ना पॅकेज. हा भाग त्याने गाळला. तुमच्या जनावराच्या आयुष्याची दोन वर्षं समोर धरून कोणी पैसे मागतं तेव्हा तुम्ही घासाघीस करत नाही, हे त्याला नीट माहीत होतं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून अंगाची आग होते. तपासणीसाठी त्याने केस मागवले. कानामागचे, मुळाशी कापलेले, चिमूटभर. मी नखं कापायच्या कात्रीने ते कापले, झिप लॉकच्या पिशवीत घातले, वर मार्करने ‘ब्रुनो, नर, ७’ लिहिलं आणि कुरिअर केलं. आठवड्यात रंगीत पीडीएफ आली: थायरॉइड ‘बॉर्डरलाइन’, जीन ‘पॉझिटिव्ह’. मी स्वतः थायरॉइडची गोळी घेते. दर सहा महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी जाऊन दंडाला पट्टा बांधून रक्त देते. थायरॉइड रक्तातून तपासतात, माणसाचं काय आणि कुत्र्याचं काय, टी-४ आणि टीएसएच ही हार्मोन्स रक्तातच मोजतात. हे मला त्या पिशवीवर नाव लिहिताना माहीत होतं! पण डीएनए तपासणी गालाच्या आतल्या बाजूला फिरवलेल्या कापसाच्या काडीवरूनही होते हे मी वाचलेलं, त्यामुळे केसांतूनही होत असेल असं वाटलं. त्याने मुद्दाम दोन्ही तपासण्या एकत्र विकल्या, एक पटण्यासारखी आणि एक अशक्य. केस मागणाऱ्या कुणालाही थायरॉइडचे पैसे देऊ नका.

मग पाऊच आले, तेही पहिल्या महिन्याचेच. चंदेरी, वर हिरवं स्टिकर, ‘लो कॅलरी वेट कंट्रोल’. रोज ४५० ग्रॅम, दोन वेळा पावडर. पावडरीने शी पातळ झाली तर म्हणे ‘डिटॉक्स’. वजन वाढलं तर म्हणे स्नायू तयार होताहेत, फॅट नंतर उतरतं. लेखी हमी होती, ३० दिवसांत ६ किलो, नाहीतर सगळे पैसे परत. कुत्र्याचं वजन आठवड्याला एक ते दोन टक्क्यांहून जास्त उतरवू नये. ४१ किलोच्या कुत्र्याला महिन्याला दीड ते सव्वातीन किलो. सहा किलोची हमी देणारा एकतर खोटारडा किंवा तुमच्या जनावराला इजा करणारा. हे मला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पहिल्यांनी सांगितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्या बाईंनीच पाऊच हातात घेऊन विचारलं, “यावर कॅलरीचा आकडा कुठाय?” नव्हता. घरी येऊन स्टिकरवर हेअर ड्रायर धरला आणि कोपऱ्यातून सोलत गेले. खालून आधी एक कान दिसला, मग डोळा, मग पिल्लाचं अख्खं तोंड. ‘पपी’. वाढीच्या वयातल्या पिल्लांचं खाणं, किलोमागे ३,९५० कॅलरी. म्हणजे आम्ही त्याला रोज जवळपास १,७८० कॅलरी मोजून, वेळेवर, चार्ट फ्रिजवर चिकटवून भरवत होतो. त्याला हव्या होत्या ९००.

हे ९०० कुठून आले तेही सांगते, कारण फुकट मिळणारी हीच माहिती मी विकत घ्यायला निघाले होते. कुत्र्याचं जे वजन असायला हवं त्याचा ०.७५ घात, गुणिले ७०. फोनचं कॅल्क्युलेटर आडवं धरलं की घाताचं बटण दिसतं. ३० किलोसाठी ८९७ येतं. सुरुवात तिथून, आणि दर दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडच्या काट्यावर वजन करून कमीजास्त. खाणं कपाने नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजायचं. बिस्किटं, पोळी, चीज सगळं मिळून दहा टक्क्यांच्या आत, आमच्याकडे ९० कॅलरी, म्हणजे सासूबाईंची एक तुपाची पोळीसुद्धा बसत नाही. भूक भागवायला उकडलेला दुधी, फरसबी, कच्चं गाजर, काकडी. मीठ-फोडणी नको. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे तर मुळीच नको.

रिफंड मागितला तेव्हा एक मुलगी फोनवर आली, अगदी ‘ताई, ताई’ करत. जीएसटीचे ५,३२८ भरले की त्याच संध्याकाळी सगळी रक्कम एकत्र येईल म्हणाली. भरले. त्यानंतर मला ब्लॉक केलं. रिफंड घ्यायला आधी पैसे भरावे लागत नाहीत, कुठेच नाही, कधीच नाही. तुम्हाला हे माहीत असेल. मलाही होतं. पण २९,५९९ अडकलेले असताना डोकं वेगळं चालतं.

यानंतरचं सरकारी कचेऱ्यांचं प्रकरण त्या भामट्यापेक्षा जास्त संताप आणणारं आहे. चौकीत हवालदार मोठ्याने म्हणाले, “कुत्र्याच्या डाएटचे पस्तीस हजार?” आणि मागचे दोघं हसले. एफआयआर नाही, साधा अर्ज घेतला, पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. हा ग्राहक वाद आहे म्हणे. स्टिकर बदलून माल विकणं, बनावट रिपोर्ट देणं, रिफंडच्या नावाने आणखी पैसे उकळणं, हा ग्राहक वाद? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. पाऊचवर अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक छापला होता, म्हणून अन्न खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी पाऊच हातातसुद्धा घेतला नाही. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ म्हणजे माणसाचं, पशुखाद्य त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे तो क्रमांक कुत्र्याच्या पाऊचवर तुमची खात्री पटवायलाच छापलेला असतो, हे ध्यानात ठेवा. पशुसंवर्धनवाले म्हणाले, आमच्याकडे गाईगुरांचं असतं. पशुवैद्यकांच्या नोंदणीच्या कार्यालयातून उत्तर आलं की या नावाची नोंदच नाही, त्यामुळे आम्ही कारवाई करू शकत नाही, पोलिसांकडे जा. १९८४चा पशुवैद्यक परिषद कायदा सांगतो की नोंदणीशिवाय जनावरांची डॉक्टरकी करता येत नाही. मग नोंदणी नसलेला माणूसच सगळ्यांच्या हातून सुटतो हे कसं? आणि मी परत त्याच चौकीत, त्याच बाकावर.

पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० या नंबरला, फोन करा. खात्यातले पैसे पुढे सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. मी रिफंडची वाट बघत बसले, तोवर खातं रिकामं झालं होतं. नावापुढे ‘डॉ.’ दिसलं की नोंदणी क्रमांक मागा. क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे कुणाच्या नावावर जाताहेत ते वाचा. माझे पैसे एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाच्या नावावर गेले.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. अडचण पत्त्याची आहे, कुरिअरवरच्या पत्त्यावर बंद शटर आहे. हिरव्या स्टिकरचा चंदेरी पाऊच तुमच्याकडेही आला असेल तर फेकू नका, स्टिकर पूर्ण सोलू नका, कुरिअरची पावती आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तुमच्या चौकीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. चार ठिकाणचे अर्ज जमले की मला ‘ग्राहक वाद’ म्हणून परत पाठवता येणार नाही.