गणेश पेठ मासळी बाजार: "यंदा नाही" असं तोंडावर सांगणारा गाळा

माझं माहेर रत्नागिरीचं आणि पुण्यातली सगळी नोकरी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे मासा घेताना मी विचारते फार. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात एका मावशींचा गाळा आहे. तिथे मला उत्तरं मिळतात, म्हणून हे लिहितेय.

आधी माल. बांगडा ताठ, डोळा फुगीर आणि स्वच्छ. कल्ला उचलून दाखवा असं सांगावं लागत नाही, मावशी स्वतःच दाखवतात. वजन साफ करण्याआधीचं धरतात आणि तसं आधीच सांगतात. सुरमईचे तुकडे सारख्या जाडीचे. बोंबील हवे असतील तर सकाळी लवकर जा, कारण उन्हं वर आली की मावशीच "नका नेऊ" म्हणतात. घरपोच मासे देणाऱ्या एका ॲपवरून मागवलेले बोंबील पिशवीत पार लगदा होऊन आले होते. त्यानंतर मी तो नाद सोडला.

साफ करणारा मुलगा गाभोळी न फाटता काढतो, आणि हे कौशल्य सोपं नाही. बांगड्याची ती पिवळसर जोडी तळहातावर घेऊन उजेडात धरा. पातळ पडद्याआड खसखशीसारखे दाणे हजारोंनी दाटलेले दिसतात. एका मादीच्या पोटात एवढी अंडी, तरी एखाद्या वर्षी बाजारात मासा दिसत नाही.

मावशींनी मला हेच विचारलं होतं. मी तारली (म्हणजे सार्डिन) मागितली, तर म्हणाल्या, "बाई, तारली यंदा नावाला आहे. बांगडा मायंदाळ आलाय, तो न्या." आणि मग, "होड्या त्याच, जाळी तीच. मग असं का व्हतं हो?"

प्रश्न जुना आहे. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ साली त्याचं उत्तर मांडलं. तोवर लोक समजत की मासे कधी किनाऱ्याकडे येतात, कधी दूर जातात, म्हणून मासेमारी कमीजास्त होते. योर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरिंग या तारलीच्या जातकुळीतल्या माशाच्या खवल्यांवरची वर्तुळं मोजून माशांची वयं काढली. तेव्हा दिसलं, की वर्षामागून वर्षं जाळ्यात येतोय त्यातला फार मोठा हिस्सा एकट्या १९०४ साली जन्मलेला आहे. आसपासच्या वर्षांची पिल्लं त्यामानाने फार थोडी होती. अंडी तर दरवर्षी पडत होती. योर्ट यांचा तर्क असा, की फरक पडतो तो अंड्यातून बाहेर आल्यानंतरच्या काही आठवड्यांत. पोटाखालची बलकाची शिदोरी थोड्याच दिवसांत संपते. तेव्हा तोंडाजवळ सूक्ष्म जीव हवेत, नाहीतर पिल्लू उपाशी मरतं. प्रवाहाने भलतीकडे नेलं, तरी मरतं. कोणी खाऊन टाकलं, तर प्रश्नच मिटला.

मावशींना मी हिशोब असा सांगितला: समजा दहा लाख अंड्यांतून एका वर्षी दहा पिल्लं वाचली आणि पुढच्या वर्षी वीस. दोन्ही वर्षी सगळी मेलीच म्हणायची, पण बाजारात मासा दुप्पट. म्हणून नुसते आईबाप मोजून पुढच्या पिढीचा अंदाज नीट बांधता येत नाही.

आपल्या तारलीचं नशीब पावसाळ्याशी बांधलेलं आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगत खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्याच सुमारास तारली अंडी घालते. वेळ जुळली तर पिल्लांची चंगळ, चुकली तर उपासमार. ही वेळेची गोष्ट खरी ठरताना कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ दिसली आहे. तिथे १९८१ आणि १९९९ साली हॅडॉक या माशाची पिल्लं विलक्षण संख्येने जगली. उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या रंगावरून कळलं, की त्या वर्षी वसंतातला समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा बहर लवकर आला होता.

नॉर्वेची हेरिंग वीस वर्षंही जगते, म्हणून एक चांगलं वर्ष पुष्कळ काळ पुरतं. तारलीचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. लागोपाठ वाईट पावसाळे गेले की संपलंच. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली ३,२९७ टन. हा आकडा मी सांगितला तेव्हा मावशी गप्पच झाल्या. त्यात आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की तापत चाललेल्या पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत या सूक्ष्म वनस्पती वीस टक्क्यांपर्यंत घटल्या. मला याची काळजी वाटते, आणि प्रत्येक मासे खाणाऱ्याला वाटायला हवी.

या गाळ्याला मी पूर्ण गुण देते ते वेगळ्याच कारणासाठी. इथे बारकं पापलेट ठेवत नाहीत. शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात तळहातापेक्षा लहान पापलेटांचे वाटे "फ्रायसाठी मस्त" म्हणून लावलेले मी पाहिले आहेत. आपल्या सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेटचा १३५ मिलिमीटर. हजारो संकटांतून तरलेलं पिल्लू एकदाही अंडी न घालता कढईत जायचं, हे मला सहन होत नाही. समुद्राने कृपा केली असेल त्या वर्षीची पिल्लं तर अजिबात उचलू नयेत, कारण पुढच्या वर्षांचा मासा तोच. मावशी एवढंच म्हणतात, "बारका माल विकून मी उद्या काय विकू?"

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर मासेमारीला बंदी असते. १ जून ते ३१ जुलै. तेव्हाचा समुद्राचा मासा बर्फातला आहे की जूनच्या मध्यानंतर बंदी उठलेल्या पूर्व किनाऱ्याचा, हे मावशी विचारलं की सांगतात. गटारीच्या आधी मात्र तिथे बोलायलाही उसंत नसते.

गैरसोयी आहेत. घरपोच सेवा नाही. गल्ल्या अरुंद, चारचाकी नेऊच नका. जमिनीवर पाणी असतं, चप्पल जुनी घाला. रविवारी खूप गर्दी. बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी जा, मंगळवारी गेलात तर आणखी निवांत. ठरवून गेलेला मासा नसेल तर "यंदा काय चांगलं आलंय?" असं विचारा आणि मावशी देतील ते घ्या. बांगडा घेतलात तर तिरफळं घालून तिखलं करा, आणि गाभोळी वेगळी बांधून द्यायला साफ करणाऱ्याला आधीच सांगा.