घरी हात लावायला कोणती घ्यावी: पद्मिनी की मारुती 800?

भाचा यंदा नोकरीला लागला. दुसऱ्या पगाराला त्याचा फोन आला, "मामा, जुनी गाडी घ्यायचीय. स्वतः दुरुस्त करत वापरीन. पद्मिनी घेऊ की 800?" माझ्या हाताखालून दोन्ही गेल्या आहेत. वडिलांची पद्मिनी आम्ही 18 वर्षं सांभाळली, 800 अजून दारात उभी आहे. त्याला तासभर जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण हाच प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो.

आधी वयाचा हिशेब. फियाट 1100 डिलाइट 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनायला लागली, पुढे तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं आणि शतक संपता संपता तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण पद्मिनीसुद्धा आज पंचविशीच्या घरात आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. 800 आली डिसेंबर 1983 ला, आपल्या ओळखीचा आकार तिनं 1986 मध्ये घेतला आणि जानेवारी 2014 पर्यंत ती बनत राहिली. त्यामुळे पद्मिनी घ्याल ती म्हातारीच असणार. 800 मात्र म्हातारीही मिळते आणि जरा बऱ्या वयाचीही.

शिकण्यासाठी म्हणाल तर पद्मिनीसारखी गाडी नाही, हे मी मनापासून सांगतो. बॉनेट उघडलं की 1089 सीसीचं इंजिन सरळ उभं दिसतं आणि चारही बाजूंनी हात आत जातो. संगणक नाही, सेन्सर नाही. गाडी सुरू होत नसेल तर कारणं दोनच, करंट येत नाही किंवा पेट्रोल येत नाही. दोन्ही डोळ्यांनी तपासता येतात.

टायमिंगचंच घ्या, म्हणजे ठिणगी नेमक्या वेळी पडेल असं जुळवणं. वडिलांनी मला ते 12 व्होल्टच्या साध्या बल्बवर शिकवलं. बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या (तो करंट प्लगांना वाटतो) टोकाला, दुसरी बॉडीला. आधी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पॉइंटची, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघड-मीट करणाऱ्या संपर्काची, फट पुस्तकात दिली आहे तेवढी करून घ्यायची. मग चावी ऑन करायची, गाडी न्यूट्रलला, आणि पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हळूहळू हातानं फिरवायचं. पॉइंट मिटलेला असतो तोवर बल्ब विझलेला. पॉइंट उघडला की त्याच क्षणी पेटतो. पुलीवरची खूण जागेवर येते तेव्हाच बल्ब पेटला पाहिजे. लवकर किंवा उशिरा पेटला तर डिस्ट्रिब्यूटर सैल करून केसभर इकडेतिकडे फिरवायचा आणि पुन्हा आवळायचा. ठिणगी कधी पडते, का पडते, हे पहिल्यांदा तिथे कळलं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून नव्हतं कळलं.

पण ही गाडी सतत हात मागते. पॉइंट घासायचे, कंडेन्सर गेला की पॉइंट जळतात म्हणून तोही बदलायचा, पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना वेळच्या वेळी ग्रीस मारायचं, स्टिअरिंगवरच्या गिअरच्या लिंकेजचे बुश झिजले की गिअर अडकतो तेही बघायचं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे ॲडजस्ट करत राहणं आलं. एप्रिल-मेमध्ये घाटात पेट्रोलची इंजिनाजवळच्या पंपातच वाफ होते आणि गाडी मान टाकते. मग पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं सावलीत बसायचं. आमच्या गाडीत त्या फडक्यासाठी पाण्याची वेगळी बाटली कायम असायची. रविवार मोकळा असेल तर यात आनंद आहे. सोमवारी सकाळी नऊला ऑफिस गाठायचं असेल तर हीच गाडी जीव काढते.

800 चं तसं नाही. तीन सिलिंडर, 796 सीसी, इंजिन आडवं बसवलेलं. जागा कमी, पण गाडीच एवढीशी की पोहोचता येतं. ऑइल, फिल्टर, तीन प्लग, कूलंट, पुढचे ब्रेक पॅड, एवढं कुणीही चार रविवारांत शिकेल. एक ऑइल फिल्टरचा पाना, एक रिंग पान्यांचा सेट आणि एक गोटी (सॉकेट) सेट एवढ्यावर बरंच भागतं. त्यानंतर मात्र पुढचा प्रश्न येतो, कार्ब्युरेटरची घ्यायची की एमपीएफआयची, म्हणजे संगणकाच्या हुकमानं इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारी?

कार्ब्युरेटरची 800 ही पद्मिनी आणि एमपीएफआय यांच्या मधली पायरी. जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, फुंकून साफ करता येतात, आयडलिंगचा स्क्रू हातानं जुळवता येतो. मात्र कार्ब्युरेटरभोवती व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. मागच्या कुणी मिस्त्रीनं त्यातल्या चार काढून तोंडं बंद केलेली असतील, तर गाडी का धडधडते ते शोधण्यात महिना जातो. एमपीएफआयची गाडी रोज एका चावीत सुरू होते. बिघडली तर आधी अर्थिंग, कनेक्टर आणि फ्यूज तपासा, अर्धे दोष तिथेच सापडतात. त्यापुढे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लागतो आणि बाजारातलं स्वस्त ओबीडी-2 यंत्र प्रत्येक जुन्या 800 शी बोलेलच असं नाही. तेवढ्यापुरता एक ओळखीचा मेकॅनिक हवा.

800 चं एकच दुखणं मी फार गंभीरपणे सांगतो, गरम होणं. पद्मिनीचा पंखा बेल्टवर फिरतो. 800 चा विजेवर, आणि तो चालू करणारा तापमानाचा स्विच जुना झाला की मुकाट्यानं बंद पडतो. खंबाटकी घाटात माझ्यावर ही वेळ आली. काटा वर चढताना दिसला, गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पंखा ढिम्म. स्विचचा कनेक्टर काढून वायर थेट जोडली तेव्हा पंखा फिरायला लागला आणि तसंच घरी आलो. तो काटा दोन किलोमीटर उशिरा पाहिला असता तर ॲल्युमिनियमचं हेड वाकलं असतं. म्हणून जुनी 800 घरी आली की पहिल्याच आठवड्यात तो स्विच, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे होज बदला. नळाचं पाणी नको, कूलंटच भरा. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर तो बदललेलाच नाही असं धरून नवा टाका.

सुट्या भागांत तर तुलनाच नाही. 800 चे पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात. हेच इंजिन ओम्नीमध्ये 2019 पर्यंत येत होतं, त्यामुळे इंजिनाचा माल अजून बरीच वर्षं मिळेल. पद्मिनीचे ब्रेक शू, क्लच प्लेट, पॉइंट, किंगपिन किट अजून मिळतात. पण काचेचं रबर, दाराचं हँडल, क्रोमची पट्टी यासाठी कुर्ला नाहीतर ऑपेरा हाऊसच्या फेऱ्या आल्या. टॅक्सी होत्या तोवर हा बाजार भरलेला होता, आता तो दर वर्षी आटतो आहे.

पेट्रोलचं दोन्हींना सारखंच. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्यांच्या नळ्या, डायफ्रॅम त्यासाठी बनलेले नाहीत. रबर फुगतं, मऊ होतं, तडकतं. घेतल्या घेतल्या टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालेल अशा बदलून घ्या. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी सुरूच करू नका.

कागदपत्रांचा खर्चही धरा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारची केंद्राची फी 10,000 रुपये झाली आहे, पूर्वी ती 5,000 होती. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. पद्मिनी आणि कार्ब्युरेटरची 800 दोन्ही यात सापडतात. 2006 नंतरची 800 मात्र अजून 20 च्या आत आहे. ही शोधताना नंबरप्लेटकडे बघा. एप्रिल 2010 नंतर मुंबई, पुणे, सोलापुरात नवी 800 विकली गेलीच नाही, कारण तिथे बीएस-4 हे धुराचे कडक नियम लागू झाले. त्यापुढच्या गाड्या सातारा, सांगली, कोल्हापूर, लातूर अशा नंबरांच्या मिळतात.

आणि यातूनच मी खऱ्या मुद्द्यावर येतो. इंजिन घरी उघडता येतं, ब्रेक घरी करता येतात, वायरिंगसुद्धा रात्री बॅटरीच्या उजेडात जुळवता येतं. पत्रा घरी होत नाही. आमची पद्मिनी इंजिनामुळे गेली नाही. दाराखालची पट्टी सडली, मग फ्लोअर, आणि एक दिवस जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच पत्र्यात घुसला. वडील तिथेच पायरीवर बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. इंजिन तेव्हाही एका सेल्फला सुरू होत होतं. म्हणून पद्मिनी की 800 हे ठरवण्याआधी पत्रा बघा. किनाऱ्यावरची देखणी पद्मिनी आणि लातूरची उन्हानं रंग उडालेली 800 समोर असेल, तर मी डोळे मिटून 800 घेईन. उलट असेल तर उलट.

जागेचंही बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये साडेसहाशे किलोची 800 जॅकनं उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवणं जमतं. पद्मिनी साधारण 3.9 मीटर लांब, तिच्याभोवती फिरायला अंगण लागतं. आणि गाडी कुठलीही असो, विटांवर किंवा नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका. दोन घोड्या, चाकांना मागेपुढे दगड, आणि घरात कुणाला तरी सांगून खाली सरकायचं. ब्रेक ड्रममधली धूळ तोंडानं फुंकू नका, जुन्या गाड्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसा.

भाच्याकडे दुसरी गाडी नाही, पार्किंग सोसायटीचं. त्याला मी 2008 च्या पुढची एमपीएफआय 800 बघायला सांगितली. घरी स्कूटर असती आणि गावच्या वाड्याचं अंगण असतं तर पद्मिनीच घे म्हणालो असतो. येत्या रविवारी कराडला एक बघायला जातोय आम्ही. बरोबर टॉर्च, एक लोहचुंबक आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेतलाय. चुंबक दाराच्या खालच्या कडेवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवायचं, जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मग पायाखालचं मॅटिंग उचलून तळहात पत्र्यावर ठेवायचा. ओल लागली तर चहा पिऊन परत यायचं.