प्रोपब्लिकाचं नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर: अमेरिकेतल्या संस्थेला देणगी देण्याआधी हे एकदा बघाच

दोनेक वर्षं वापरतेय, म्हणून लिहितेय. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या अमेरिकी संस्थेची ही साइट फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही, संस्थेचं नाव टाकलं की तिने आयआरएसकडे (अमेरिकेचं आयकर खातं) भरलेले फॉर्म ९९०, म्हणजे ना-नफा संस्थांची वार्षिक विवरणपत्रं, वर्षावार समोर येतात आणि पदाधिकाऱ्यांचे पगार थेट नावासकट. २०१३ पासून चालू आहे हे सगळं आणि मला पत्ताच नव्हता, मी आपली एका संस्थेला दर महिन्याला पैसे पाठवत होते आणि त्यांच्या पत्रकातलं "बहुतेक पैसा थेट कामावर" वाचून समाधानी होते.

त्या संस्थेचं नाव घेत नाही. तिचं पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा सीईओच्या नावापुढे पगार शून्य! मला तर भरूनच आलं, किती निःस्वार्थी माणूस. मग शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेलं, तो संलग्न संस्थांकडून मिळणाऱ्या पैशाचा, आणि तिथे भलामोठा आकडा. तिसरा रकाना इतर लाभांचा असतो. तेव्हा तिन्हींची बेरीज केल्याशिवाय कुणाचं कौतुक करू नका आणि कुणाला शिव्याही देऊ नका.

आता खरं सांगते, आकडा मोठा आहे म्हणून मला राग येत नाही. शेकडो लोकांची संस्था चालवायची तर चांगला पगार द्यावाच लागतो. मला बघायचं असतं की तो ठरवला कुणी. त्यासाठी पूर्ण फॉर्म उघडा आणि भाग ६ मधली ओळ १५ वाचा. सीईओचा पगार स्वतंत्र लोकांनी मंजूर केला का, तशाच दुसऱ्या संस्थांमधले पगार बघितले का, आणि निर्णय झाला तेव्हाच त्याची लेखी नोंद केली का, असं तिथे विचारलेलं असतं. या संस्थेचं उत्तर होतं "नाही".

हा प्रश्न उगाच आलेला नाही. युनायटेड वे ऑफ अमेरिका या देणग्या गोळा करणाऱ्या मोठ्या संस्थेचे प्रमुख विल्यम ॲरामनी यांना पैशांच्या उधळपट्टीवरून १९९२ मध्ये पायउतार व्हावं लागलं, १९९५ मध्ये कोर्टाने दोषी ठरवून ७ वर्षांची शिक्षा दिली. पुढच्याच वर्षी कायदा आला की वाजवीपेक्षा जास्त घेतलेल्या रकमेवर घेणाऱ्याला २५ टक्के कर, आणि वेळेत परत केली नाही तर २०० टक्के. जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या विश्वस्तांनाही १० टक्के. पण मंडळाने वरच्या तिन्ही गोष्टी केल्या असतील तर पगार वाजवी असं आधी गृहीत धरलं जातं. म्हणजे जे काम केल्याने मंडळाचाच बचाव होतो तेसुद्धा या लोकांनी केलं नव्हतं, मला तिथेच धक्का बसला.

शेड्यूल जे, म्हणजे त्याच फॉर्मची पगार-भत्त्यांची पुरवणी, ती पण सोडू नका हं. सुरुवातीलाच चौकटी असतात, फर्स्ट क्लासचा प्रवास, सोबत्याचा प्रवास, घरभत्ता, क्लबची वर्गणी, ड्रायव्हर-आचारीसुद्धा. कुठे खूण आहे ते बघा.

उणिवा आहेत. माहिती जुनी असते, कारण वर्ष संपल्यावर फॉर्म भरायला साडेचार महिने आणि वर सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते, त्यामुळे दीड-दोन वर्षांपूर्वीचा पगार आपण आज वाचतो. चर्चना हा फॉर्म भरावाच लागत नाही. आणि ज्यांची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असते त्यांचं नुसतं ई-पोस्टकार्ड, त्यात पगार नसतो. हा दोष साइटचा नाही, नियमांचा आहे. साइटबद्दल माझी एकच तक्रार, ओळ १५ चं उत्तर पगाराशेजारीच दाखवायला हवं, एवढा फॉर्म उघडून शोधत कोण बसणार.

मी त्या संस्थेच्या मंडळाला ईमेल केला, पगार कोण ठरवतं एवढंच विचारलं. चार महिने झाले, उत्तर नाही. माझे पैसे आता दुसऱ्या संस्थेला जातात. तिथल्या सीईओचा पगार खरं तर याच्यापेक्षा जास्त आहे, पण ओळ १५ ला "हो" आहे आणि समितीने तो कसा ठरवला ते शेड्यूल ओ मध्ये, म्हणजे फॉर्मच्या खुलाशांच्या पुरवणीत, नीट लिहिलेलं आहे.