विंटर टायर उत्तमच, पण खान्देशातल्या गाडीला चेन घ्या

बर्फावर गाडी थांबवण्याच्या बाबतीत विंटर टायरला तोड नाही. तरीही एमएच १८, १९ किंवा ३९ पासिंगची गाडी घेऊन आठवडाभर मनालीला जाणाऱ्यांनी ते घेऊ नयेत, असंच आमचं मत आहे.

साधारण ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर तेव्हाही मऊ राहतं आणि नक्षीच्या ठोकळ्यांवरचे ब्लेडने मारल्यासारखे बारीक काप बर्फाला धरतात. खरा विंटर टायर ओळखायचा तर कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण बघा. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा दावा. बर्फावर चाचणी झालीच असेल असं नाही.

हाच मऊपणा आपल्याकडे नडतो. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. तापलेल्या डांबरावर नक्षी भराभर झिजते, ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबते, वळणावर लिबलिबीत वाटते. म्हणजे परत आल्यावर चारही टायर बदलणं आलंच. पैसे वाचवायला फक्त पुढचे दोन बदलणं तर धोक्याचं: पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि उतारावर गाडी गर्रकन फिरते.

त्यापेक्षा टायरच्या मापाची (उदा. २०५/६० आर १६) चेनची, म्हणजे बर्फावर पकड यावी म्हणून टायरभोवती गुंडाळायच्या साखळ्यांची, जोडी घ्या. आधी गाडीचं मॅन्युअल वाचा. काही गाड्यांत चाक आणि सस्पेन्शनमधली जागा इतकी कमी असते की चेन ब्रेकच्या पाइपला किंवा एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरला घासते. चेन इंजिनची ताकद जाते त्या चाकांवर बसते, बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. सपाट जागी हँडब्रेक ओढा, चेनचा गुंता सोडवून ती टायरवरून पसरा, आतला हूक आधी, बाहेरचा नंतर अडकवा आणि ताणून घ्या. ५०-१०० मीटर चालवून पुन्हा ताणा. हे न केल्याने सैल साखळी मडगार्डवर आपटते. वेग ४० च्या आत ठेवा, कोरडं डांबर लागलं की चेन काढा. ही सगळी तालीम घरी अंगणात दोनदा करा. गोठलेल्या बोटांनी हूक सापडत नाही.

टायर मात्र गोटा झालेले नकोत. कायद्याला १.६ मिमी नक्षी पुरते, बर्फाला ४ मिमी तरी हवी. थंडीत दर १० अंशांना दीड-दोन पीएसआय हवा उतरते. उंचीमुळे गेजचा काटा उलट थोडा वर जातो. म्हणून जळगावच्या आकड्यावर विसंबू नका, तिथे पोहोचल्यावर सकाळी थंड टायरवर मोजा.

चालवण्याचं तंत्र कापसाच्या शेतातल्या काळ्या चिखलासारखंच: रेस दिली की चाक जागीच खड्डा करतं. दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच उचला. उतारावर गिअर आधीच खाली घ्या. एबीएस असेल तर पेडल थरथरलं तरी दाबून धरा. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. अटल बोगद्याच्या तोंडाशी डांबरावर गोठलेला काचेसारखा थर दिसतही नाही. तिथे स्टिअरिंगला झटका देऊ नका.

एक चूक आपल्याकडे सर्रास होते: उन्हाळ्यात रेडिएटरला नळाचं पाणी घालत राहायचं. ते गोठून फुगलं तर रेडिएटरच काय, इंजिनचा ब्लॉकही तडकतो. निघण्याआधी सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.