घरी बांधलेला १०० लिटरचा सोलर बंब: पहाटेला कढत पाणी मिळतं का?

कोल्हापुरात सोलरची परीक्षा दुपारी घेण्यात अर्थ नाही. एप्रिलात दुपारी दोनला गच्चीवरच्या साध्या काळ्या टाकीतलं पाणीही हाताला चटका देतं. अंघोळी असतात पहाटे साडेपाच-सहाला. चिपाडं-जळणावरचा तांब्याचा बंब बाजूला ठेवायचा असेल, तर कढत पाणी त्या वेळी मिळायला हवं. घरी बांधता येणारे तीनही प्रकार याच कसोटीवर तपासले आहेत.

पहिला प्रकार काळ्या पाइपच्या भेंडोळ्याचा. यात पाणी किती मावतं ते आधी मोजा: अर्धा इंच आतल्या व्यासाच्या १०० मीटर पाइपमध्ये जेमतेम साडेबारा लिटर. म्हणजे एक बादलीही भरत नाही, आणि सूर्य मावळला की तासाभरात सगळं गार. पहाटेसाठी निकामी.

दुसरा, काळा रंगवलेला ड्रम काचेच्या पेटीत. सगळ्यांत स्वस्त. पण जी काच दिवसा ऊन आत घेते तिच्यातूनच रात्री उष्णता निघून जाते. सकाळी पाणी कोमट. गोठ्यातली किटल्या-भांडी संध्याकाळी धुवायला मात्र हा उत्तम, त्यासाठी जरूर बांधा.

तिसरा, तांब्याच्या नळ्यांचं पॅनेल आणि वर वेगळी टाकी. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं आणि गार पाणी खाली पॅनेलमध्ये उतरतं. पहाटेला पास होणारा हाच, त्यामुळे पुढचं सगळं याच्याबद्दल.

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट उष्णता लागते. त्यासाठी २ चौरस मीटर, म्हणजे १ बाय २ मीटरचं पॅनेल पुरतं. उभ्या नळ्या ९, बाहेरचा व्यास १२.७ मिमी, जाडी ०.५६ मिमी, वरखाली या नळ्यांना जोडणारे आडवे पाइप, म्हणजे हेडर, २५.४ मिमी व्यासाचे, ०.७१ मिमी जाडीचे. एकूण तांबं साडेचार ते पाच किलो भरतं. दुकानात वजन करूनच घ्या. वजन फार कमी भरलं तर नळी पातळ आहे, आणि पातळ नळीला ब्रेझिंग, म्हणजे जास्त तापवून केलेलं पक्कं जोडकाम, करताना भोक पडतं.

जोडकामाला शिवाजी उद्यमनगरात कारागिरांची वाण नाही, पण काम कोणाला द्यायचं ते पाहून द्या. लोखंडी ग्रिल-गेट करणाऱ्यापेक्षा फ्रीज-एसीचं तांबं जोडणारा हात इथे सरस ठरतो. साधं कथलाचं डाग काम नको. नळ्यांत पाणी नसताना उन्हात पॅनेल १२० अंशांच्या पुढे जातं, तिथे डाग मऊ पडून सांधा पाझरायला लागतो. जोडणी झाली की पेटीत बसवण्याआधी हातपंपाने ५ किलोचा दाब देऊन दहा मिनिटं थांबा. काटा हलला तर सांधा शोधा, एम-सीलने भागवू नका.

सगळ्यात जास्त पॅनेल फसतात ती ऊन शोषून नळ्यांना उष्णता देणाऱ्या पत्र्यामुळे. नळीवर पत्रा नुसता टेकवून तारेने बांधला तर पत्रा तापतो आणि नळी गारच राहते, कारण मध्ये हवेची फट असते. ०.५ मिमी ॲल्युमिनियमच्या पट्टीला नळीच्या मापाची खाच दाबून घ्या. नळी तिच्यात घट्ट बसून निम्म्याहून जास्त वेढली गेली पाहिजे. वर काळा रंग मॅटच हवा, चकाकणारा नको, आणि थर पातळ.

उष्णता अडवायला पेटीच्या तळाला ५० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), बाजूंना २५. थर्माकोल स्वस्त मिळतो म्हणून भरतात. तो ८०-९० अंशांनाच आक्रसतो आणि पेटी पोकळ होते. काच ४ मिमी टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली. माप पक्कं करून मगच ऑर्डर द्या, टफन केल्यावर काच कापता येत नाही. साधी काच तापलेली असताना वळवाचा पहिला शिडकावा पडला की तडकते, गारांचं तर बोलायलाच नको. पेटीच्या खालच्या कडेला ८ मिमीचं भोक ठेवा, नाहीतर पावसाळ्यात रॉकवूल भिजून राहील.

तोंड दक्षिणेला, उतार ३० अंश: २ मीटर लांबीला वरची कड १ मीटर उंच. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर आहे. कढत पाण्याची खरी गरज थंडीत, म्हणून हा जादा उतार. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा किमान ३० सेमी वर ठेवा. ही उंची चुकली तर रात्री प्रवाह उलटतो आणि दिवसभर तापलेलं पाणी पॅनेलमध्ये उतरून गार होतं. ‘दुपारी कडक, सकाळी थंड’ या तक्रारीत आधी हेच बघावं. गरम पाइप टाकीपर्यंत सतत चढता हवा. मध्ये कुबड आलं की हवा अडकते, अभिसरण थांबतं. या पाइपला पीव्हीसी नको, तो उष्णतेने वाकतो. तांबं किंवा जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) घ्या, पण दोन्ही थेट जोडू नका, मध्ये पितळी जोड हवा. टाकीची हवा-नळी तिला पाणी पुरवणाऱ्या थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा वर न्या आणि तिचं तोंड कधीही बंद करू नका.

आता टाकी. स्टेनलेस स्टीलच्या १०० लिटर टाकीला ५० मिमी वेष्टण नीट बसलं तर रात्रभरात हिशेबाने ४-५ अंशच उतरतात. उघड्या टाकीत ६० चं पाणी पहाटे तिशीच्या आसपास येतं. खर्च कुठे तरी कमी करायचाच असेल तर स्टँडवर करा, वेष्टणावर नको.

बोअरचं पाणी असेल तर नळ्यांत क्षार धरतात. प्रवाह मंदावला की सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने धुवा. जून ते सप्टेंबर सोलरवर भिस्त ठेवू नका. टाकीत २ किलोवॉटची विजेची कॉइल बसवा, ढगाळ दिवशी तिला साधारण दोन तास लागतात. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय ती चालू करू नका. आणि जुना बंब मोडीत घालू नका, आषाढात तो लागतोच.