ओपिनेल नंबर ८ कार्बन: गोव्यात सुऱ्या जमवायला लागणाऱ्यांनी पहिली हीच घ्यावी

सुऱ्या-चाकू जमवणारी आमची मंडळी गोव्यात काय फार मोठी नाही. कुणी फोंड्याचं, कुणी डिचोलीचं, दोघं मडगावहून येतात, अधूनमधून कुणाच्या तरी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसायचं, आपापले डबे उघडायचे नि चहा घेत अंधार पडेस्तोवर पात्यांवर गप्पा मारायच्या. हल्ली नवीन मुलंमुली यायला लागलीत आणि मला त्याचा खरंच आनंद होतो. कुणी ट्रेकिंगमधून येतं, कुणी हॉटेलच्या किचनमध्ये लागलेलं असतं आणि तिथल्या जपानी सुरीवर जीव जडलेला असतो, एकाला तर आजोबांच्या पेटीत जुना खिशातला चाकू सापडला आणि तिथून वेड लागलं. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच, पहिला चाकू कुठला घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे: ओपिनेल नंबर ८, आणि तोसुद्धा कार्बन स्टीलवाला. तेच तेच तोंडी किती वेळा सांगणार, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतोय.

आधी वस्तू काय आहे ते. फ्रान्सच्या साव्हॉय भागात, आल्प्सच्या डोंगरात, जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणाने १८९० च्या सुमारास हा चाकू बनवला, बाप अवजारं बनवायचा, मुलाने घडीचा चाकू काढला. १८९७ मध्ये १ ते १२ असे नंबर पाडले, त्यातले १ आणि ११ पुढे बंद झाले. नंबर ८ म्हणजे साडेआठ सेंटिमीटरचं पातं, अकरा सेंटिमीटरची बीच लाकडाची मूठ, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, खिशात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. एक पातं, एक मूठ, एक खिळा, एक पक्की बसवलेली रिंग नि तिच्यावर एक फिरणारी रिंग. बस. ती फिरणारी रिंग १९५५ मध्ये आली, पातं उघडून रिंग फिरवली की पातं मिटत नाही, आणि २००० पासून ती मिटलेल्या चाकूलाही लावता येते, म्हंजे खिशात आपोआप उघडायची भीती नाही.

पात्यावर मुकुट घातलेला हात आहे बघा, ती खूण १९०९ पासूनची. मुकुट साव्हॉयच्या डचीचा, म्हणजे तिथल्या ड्यूकच्या राज्याचा, आणि हात तिथल्या सेंट-जाँ-द-मोरिएन गावाच्या चिन्हातला, ज्या गावच्या कॅथेड्रलमध्ये सेंट जॉन द बॅप्टिस्टची बोटं जपून ठेवली आहेत अशी श्रद्धा आहे. म्हणजे ज्याच्या नावाने आपल्याकडे २४ जूनला सांजांवच्या सणाला विहिरीत उड्या मारतात तोच संत. हे कळलं तेव्हापासून मला हा चाकू परका वाटतच नाही.

आता कार्बनच का, स्टेनलेस का नको. स्टेनलेस ओपिनेलही चांगलाच आहे, त्यावर इनॉक्स असं लिहिलेलं असतं, तो काही वाईट नाही. पण ज्याला हा छंद लावून घ्यायचाय त्याने स्टील म्हणजे काय ते डोळ्याने बघायला हवं, आणि स्टेनलेस काही दाखवत नाही, तो वर्षभराने तसाच्या तसा. कार्बनवाला पहिल्या दिवसापासून बोलायला लागतो. माझ्या मित्राच्या आईने आमचे डबे बघून विचारलं होतं, "हें कितें रे, भुरग्यांचें खेळणें?" (हे काय रे, मुलांचं खेळणं?) आणि मग तोच नंबर ८ उचलून लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसली. पाच-सात कैऱ्यांतच चकचकीत पात्यावर धारेपासून वर ढगांसारखे निळे-करडे डाग चढले, मध्येच जांभळट झाक, कोयीजवळ जिथे रस साठला तिथे जवळजवळ काळं. शेजारी बसलेली नवीन मुलगी घाबरली, म्हणाली गंजलं! गंज नव्हे तो. आंबट रसाने लोखंडावर जो पातळ काळपट थर धरतो तो टिकाऊ असतो आणि पुढच्या लाल गंजाला बराचसा अडवतो, लाल गंज मात्र भुसभुशीत असतो, खाली खात जातो, तो दिसला की लगेच काढायचा. हा फरक लेक्चर देऊन कळत नाही, चिरून कळतो. भिरंडं (कोकमाची फळं) कापा, आंबट बिंबलं कापा, प्रत्येकाचा रंग वेगळा येतो, आणि वर्षभराने तुमचं पातं जगात दुसऱ्या कुणाकडे नसतं तसं झालेलं असतं. एक मात्र सांगतो, नव्या कोऱ्या पात्याने फळ कापलंत तर थोडी लोखंडाची चव लागते, फोडीही काळवंडतात, थर चढला की ते कमी होतं.

मासळीला मात्र हा चाकू वापरू नका. बांगडा साफ करायला आपली आदोळी (विळी) आहे, तिला तोड नाही, घडीच्या चाकूच्या खिळ्यापाशी रक्त, मीठ आणि खवलं जाऊन बसतात आणि आतून कधी गंज धरला ते कळतसुद्धा नाही.

आता पावसाळा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, भिंती घाम गाळतात, कपाटातल्या शर्टाला बुरशी येते, तर बीचच्या लाकडाचं काय होणार ते समजून घ्या. बीच पाणी पितं आणि फुगतं, मुठीतली फट आवळली जाते, पातं नखाने निघता निघत नाही. हा लाकडाचा स्वभाव आहे, साव्हॉयमधल्या लोकांनाही तो माहीत आहे म्हणून तर तिथे मुठीचं टोक टेबलावर ठोकून पातं सैल करायची पद्धतच आहे. रिंग उघडी आहे ना बघायची, मुठीचा मागचा कोपरा लाकडावर एकदा ठक्क करून ठोकायचा, पात्याचं टोक थोडं बाहेर येतं. कायमचा उपाय हवा तर पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातल्या कडक उन्हात मूठ नीट सुकली की खिळ्यापाशी आणि फटीत जवसाचं तेल मुरवा, दोन-तीनदा, प्रत्येक वेळी पूर्ण सुकू देऊन. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते, बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवायची. पात्याला केमिस्टकडे मिळतं ते लिक्विड पॅराफिन एक थेंब पुरतं, खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं. खोबरेल घरात असतंच म्हणून बरेच जण तेच लावतात, महिनोन् महिने ठेवायचं असेल तर ते खवट होतं, नको. आणि चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवायचा मोह होतो, दिसतं छान, पण चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत खराब होतं. सुती कापडात गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात टाका, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. हे एवढं एका स्वस्त चाकूवर शिकलात की उद्या महागडा घेतलात तरी तो सांभाळता येतो, माझा सगळा आग्रह याच्यासाठीच आहे.

धार लावणं हा याचा दुसरा मोठा गुण. पातं पातळ आहे आणि स्टील फार कडक नाही, साध्या दगडावर पटकन धार धरतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो एका बाजूने खरखरीत दुसऱ्या बाजूने बारीक असा दगड सुरुवातीला चालतो, पुढे हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या. कोन साधारण वीस अंश, पण कोन मोजण्यापेक्षा हात एकसारखा ठेवणं महत्त्वाचं. एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला अगदी बारीक खरखर बोटाला जाणवते, पात्याच्या मुठीकडच्या बाजूपासून टोकापर्यंत ती सगळीकडे लागली की मगच बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढून घ्या. टोमॅटो स्वतःच्या वजनाने कापला जातो की नाही बघा. नवीन मुलाने पहिल्यांदा स्वतः लावलेल्या धारेने कागद कापला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता थोडं आमच्या जुन्या लोकांसाठी, रागावू नका. नवीन कुणी आलं की आपण लगेच एस-थर्टी-व्ही, डी-टू ही स्टीलची नावं, फ्रेम लॉक, लायनर लॉक हे पातं अडकवायचे प्रकार असलं सगळं त्याच्या अंगावर फेकतो, तीस हजाराचा चाकू टेबलावर ठेवतो, आणि तो बिचारा आपला आणलेला चाकू खिशातून काढतच नाही. मी बघितलंय असं होताना. त्याने काय आणलंय ते आधी बघा, हातात घ्या, चांगलं काय आहे ते सांगा. स्टीलची नावं त्याला सहा महिन्यांत आपोआप कळतील. कुणी बाजारातली साधी सुरी घेऊन आलं तरी तिच्यात बघण्यासारखं काहीतरी असतंच.

नवीन लोकांनीही दोन-चार रीती पाळाव्यात. दुसऱ्याचा चाकू विचारून उघडायचा. देताना मिटून द्यायचा, पातं मिटत नसेल तर मूठ समोरच्याकडे करून, आणि त्याने धरला असं कळल्याशिवाय सोडायचा नाही. कार्बनच्या पात्यावर बोटं फिरवायची नाहीत, घामाच्या मिठाने रात्रीत बोटांचे ठसे उमटतात, लागलं तर पुसून परत द्या. मनगटाच्या झटक्याने उघडणं वगैरे व्हिडिओत बघितलेलं आमच्यात नको, चार लोक जवळजवळ बसलेले असतात. आणि ओपिनेलची रिंग लावल्याशिवाय कापायला सुरुवात करायची नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून.

कायद्याचं सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे, त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी हत्यारात मोजतात, घरकाम, शेती, विज्ञान किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली सोडून. नंबर ८ त्याच्या आसपासही नाही. ओपिनेलचा सगळ्यात मोठा म्हणजे पुढे आलेला नंबर १३, त्याचं पातं बावीस सेंटिमीटर, तोही नऊ इंचांच्या जरासा आतच. पण आकार बसतो म्हणून जत्रेत, फेस्तात, बीचवरच्या पार्टीत खिशात घालून फिरायचं असं नाही, कारण नसताना चाकू खिशात ठेवून पोलिसांना उत्तर देत बसण्यात काय अर्थ आहे. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, दाबोळी असो की मोपा, चेक-इनच्या बॅगेत टाका. बटण दाबलं की उघडणाऱ्यांच्या नादाला नवीन माणसाने लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात जमवण्यासारखं फार कमी आणि डोक्याला ताप जास्त.

विकत घेताना. किंमत साधारण दोन हजारांच्या आत-बाहेर हलत असते, सेल असेल तर कमी. नकली माल भरपूर आहे, मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेला सरळ बनावट निघाला होता, रिंग लावली तरी पातं हलायचं आणि हाताचा छाप पुसट, बोटं मोजता येत नव्हती. पैसे परत मिळाले पण महिना गेला. छाप स्पष्ट हवा, कार्बनवर तसं लिहिलेलं हवं, रिंग अडखळत नको, मिटल्यावर पातं मधोमध बसलं पाहिजे. थोडं डावी-उजवीकडे असलं तर चालतं, लाकूड आहे.

समुद्राला अगदी लागून राहता, खारं वारं घरात येतं आणि रोज पुसायला जमणार नाही, तर इनॉक्स घ्या, जबरदस्ती नाही. एका हाताने उघडणारा हवा तर हा नाही, याला दोन हात लागतात. स्क्रू पिळायचे, डबे फोडायचे असतील तर व्हिक्टोरिनॉक्स घ्या, तो हत्यारांचा संच आहे, त्याची याच्याशी तुलनाच नको. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा पावसाळ्यात मूठ आवळते त्याचा कापला.

हा हातात रुळला की दुसरी वस्तू मात्र परदेशी घेऊ नका हं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, नाहीतर पावसाआधीच्या पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) फेस्तात लोहारांचे कोयते, सुऱ्या, आदोळ्या मांडलेल्या असतात, पुष्कळदा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या लोखंडातून ठोकलेल्या, त्यावर हातोड्याच्या खुणा दिसतात. ओपिनेलवर शिकलेल्या नजरेने ती धार बघा, पाठीपासून धारेपर्यंत पातं कसं उतरत गेलंय ते बघा, लोहाराला विचारा पाणी कसं दिलं, म्हणजे तापलेलं पातं कसं विझवलं, आनंदाने सांगतात. रेंदेराची, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याची, काती जवळून बघायला मिळाली तर सोडू नका, पात्याचा बाक माडाच्या पोयीसाठीच (फुलोऱ्यासाठीच) घडवलेला असतो. घरात आजीचा पितळी अडकित्ता पडून असेल तर तोही आणा, आमच्यातला एक जण आता फक्त अडकित्तेच जमवतो. बाणावलीच्या गोवा चित्र म्युझियममध्ये जुनी अवजारं शेकड्यांनी बघायला मिळतात, एक अख्खी सकाळ हातात ठेवून जा, आणि पात्यांना मुठी कशा बसवल्यात त्याकडे खास लक्ष द्या.